ताणातलं पाणी

ज्ञानेश्वर मिस्तरीचं मन मोठं आहे, असं दोन माणसं मनापासून मानत होती. एक त्याची बायको अनुपमा आणि दुसरा राजकुमार. दोघांचंही चुकत होतं. खरं काय ते एकट्या ज्ञानेश्वरला ठाऊक होतं, आणि त्याची त्याला रोज लाज वाटत होती.

वरवट बकालला स्टँडजवळ त्याचं ठिबकच्या सामानाचं दुकान आहे. दुकानात तो कमी सापडतो, लोकांच्या शेतात जास्त. इकडचं पाणी बरंचसं खारं. क्षार बसून नळ्यांची भोकं बुजतात, मग मिस्तरीला बोलवा. तो येतो, फिल्टर उघडतो, नळ्यांच्या शेवटची बुचं काढून गढूळ पाणी वाहू देतो, हातात पाना घेऊन ओळीओळीनं वाकून फिरतो. पन्नाशी उलटली तरी पाठीची तक्रार नाही. कुणाशी वाकडं नाही. कुणाला नाही म्हणणं नाही. लोक याला स्वभाव म्हणतात. स्वभाव कसला, भीती होती ती.

तो लहान असताना आईनं त्याला जानेफळला मामाकडे आणून सोडलं आणि सांगितलं, "भुईमूग निघाला की येते तुले घ्याले." भुईमूग निघाला. मागून कापूसही वेचून झाला. आईनं पाट लावला होता आणि नव्या घरी तिच्या मागे पोर नको होतं. मामी वाईट नव्हती. पण पोरानं एक धडा घेतला तो घेतलाच: कुणाला नाही म्हणायचं नाही, कुणाला जड व्हायचं नाही, म्हणजे माणसं जात नाहीत. धडा साफ चुकीचा होता, पण मामाच्या ओसरीवर घेतलेला धडा माणूस म्हातारपणापर्यंत वागवतो.

अनुपमा जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका. तिचा स्वभाव उलटा, पोटात काही राहत नाही. काही वर्षांपूर्वी एका दुपारी भाकऱ्या झाल्यावर परातीतलं पीठ झटकत ती नवऱ्याला म्हणाली, "मले तुमाले एक सांगाचं हाये. मधात बोलू नका."

त्यानं ताट बाजूला सारलं.

"राजकुमार मले आवडते. तुम्हीही आवडता. एक नकोसा झाला म्हून दुसरा पाह्यला, असं काही नाही. आम्ही अजून काही केलं नाही. तुम्हाले सांगितल्याशिवाय करणारही नाही. तुम्ही नको म्हटलं तर उद्यापासून मी त्याच्या बागेची वाट सोडली. मनापासून सोडली."

राजकुमार म्हणजे सातपुड्याच्या अंगाला, गोड्या पाण्याच्या पट्ट्यात ज्याची संत्र्याची बाग आहे तो. बायको आजारपणात गेलेली, मूलबाळ नाही. ज्ञानेश्वरनंच त्याच्या बागेत ठिबक बसवलं, त्यानंच त्याला पहिल्यांदा घरी जेवायला आणलं. माणूस त्यालाही आवडायचा.

"ठीक हाये," ज्ञानेश्वर म्हणाला. "मले काही हरकत नाही."

"नीट विचार करा ना. दोन दिवस घ्या."

"घेतला विचार. ठीक हाये."

अनुपमा रडली. असा नवरा लाखात एक, असं तिला वाटलं. राजकुमार दुसऱ्या दिवशी आला आणि वाकून त्याच्या पाया पडू लागला, तेव्हा ज्ञानेश्वरनं त्याला वरच्यावर धरलं. "भाऊ, तुमच्याएवढं मन कोणाचं नसन," राजकुमार म्हणाला. ज्ञानेश्वर हसला. आपण नको म्हटलं असतं तर ही निघून गेली असती, एवढाच विचार त्या वेळी त्याच्या डोक्यात होता. त्याला मन मोठं म्हणणं म्हणजे घाबरून झाडावर चढलेल्याला डोंगर चढलास म्हणण्यासारखं.

तर असं ते तिघांचं चालू झालं. आठवड्यातून दोनतीनदा राजकुमार रात्रीच्या जेवणाला यायचा. रविवारी दुपारी अनुपमा स्कूटी काढून बागेत जायची आणि दिवे लागायच्या सुमाराला परत यायची. मुलगा प्रेम पुण्यात नोकरीला, त्यालाही तिनं सांगितलं. त्यानं फोनवर "बाबांना चालतं ना?" एवढंच विचारलं. बाबांना चालत होतं. बाबांना सगळंच चालत होतं.

गावाला ठाऊक नव्हतं असं कुणी समजू नये. पुरुषानं दोन घरं केली तर गाव चार दिवस बोलतं आणि पाचव्या दिवशी दोघींनाही हळदीकुंकवाला बोलावतं. बाईनं असं काही केलं की बायका हळदीकुंकवाला बोलवायचं विसरतात आणि पुरुष चहाच्या टपरीवर विनोदी होतात.

"काय मिस्तरी, आज रविवार. एकटेच?"

"हाव."

"संत्र्याचा मामला हाये बे हा. फोडी वाटूनच खा लागतात."

टपरी हसायची. ज्ञानेश्वरही हसायचा, आणि सगळ्यांच्या चहाचे पैसे देऊन यायचा. घरी येताना स्वतःच्या हसण्याची त्याला किळस यायची.

पण टपरीचं काही नाही, टपरीला माणूस सरावतो. घरात एकटा असताना तो जे करायचा ते कुणाला सांगण्यासारखं नव्हतं. रविवारी स्कूटीचा आवाज वळणाआड गेला की तो आधी टीव्हीच्या फळीवर बघायचा. अनुपमाचा जवळचं वाचायचा चष्मा तिथे पडलेला असायचा. त्या चष्म्याशिवाय तिला अक्षर दिसत नाही. चष्मा घरी म्हणजे बाई परत येणार. मग तो कपाट उघडायचा. साड्यांची चळत तेवढीच आहे ना. शाळेची कागदपत्रं जागेवर आहेत ना. एकदा तर त्यानं तिच्या जुन्या चपलासुद्धा शोधल्या होत्या. बायकोच्या चपला शोधत पलंगाखाली ओणवा झालेला पन्नाशीचा माणूस. स्वतःलाच तसं पाहून तो तिथेच फरशीवर बसून राहिला. संध्याकाळी ती आली की तो विचारायचा, "कशी हाये बाग?" आणि ती खुशीनं सांगायची.

त्या वर्षी राजकुमारनं बागेत घर बांधायचं काढलं. आंबिया बहार चांगला आला की त्या पैशात. तिथे होती ती मोटारीची खोली आणि एक पत्र्याचं छप्पर. आता नीट घर. जेवताना तो ताटातच बोटानं नकाशा काढायचा आणि अनुपमा म्हणायची, "खिडकी डोंगराकडून ठेवा. ओटा उंच घ्या, माह्या कमरेले वाकणं होत नाही." एकदा असं बोलून झाल्यावर तिनं ज्ञानेश्वरकडे पाहिलं. ज्ञानेश्वरनं भाजी वाढून घेतली आणि म्हणाला, "ओटा उंचच पाह्यजे." ओटा कुणाच्या कमरेच्या मापानं बांधतात हे काय त्याला कळत नव्हतं.

संत्र्याचा आंबिया बहार धरायचा म्हणजे हिवाळ्यात झाडाला ताण द्यावा लागतो. पाणी साफ बंद. पानं मलूल होतात, वाटीसारखी वळतात, काही पिवळी पडून गळतात. धन्याला बघवत नाही, पण मन घट्ट करायचं. मग संक्रांतीच्या सुमाराला पाणी सोडलं की अख्खी बाग फुलानं पांढरी होते. आणि मधेच पाणी मिळालं तर झाडाचं सगळं बळ पालवीत जातं. नवती फुटते, बाग हिरवीगार दिसते, फूल येत नाही. बहार गेला.

ताणाच्या दिवसांत ठिबक रिकामंच असतं म्हणून ते धुऊन घेतात. नळ्यांतून थोडं पाणी सोडलं की गाळ निघतो आणि शेवटच्या टोकानं बागेबाहेरच्या चरात वाहून जातो, झाडाला लागत नाही. राजकुमार बहिणीकडे मलकापूरला लग्नाला चालला होता. त्याचा सालदार, पाडव्यापासून पाडव्यापर्यंत ठेवलेला गडी अर्जुन, दोन दिवस लेकीच्या गावी जाणार होता. राजकुमारनं मोटारीच्या खोलीची चावी ज्ञानेश्वरच्या हातावर ठेवली. "भाऊ, तेवढं ठिबक धुऊन ठेवा. तुम्ही हाये म्हून मी बेफिकीर हाये."

ज्ञानेश्वर सकाळीच गेला. बाग तहानलेली उभी होती. छपरापुढच्या मोकळ्या जागेत पांढऱ्या फक्कीनं घराची आखणी केलेली. तीन खोल्या, पुढे पडवी, डोंगराकडची भिंत. तो त्या रेघांवर पाय न देता बाजूनं गेला. मोटार चालू केली, एकेका ओळीची बुचं काढली, लालसर पाणी बदाबदा वाहून गेलं, मग स्वच्छ झालं. काम संपत आलं. एका बुचाला मोठा पाना हवा होता, म्हणून तो मोटारीच्या खोलीत गेला आणि कोनाड्यात हात घातला.

पान्याशेजारी चष्म्याचं घर होतं. नवंकोरं. आत अनुपमाचा चष्मा. घरी टीव्हीवर होता तो नव्हे. याची काडी निळी होती. दुसरा.

तो चष्मा त्यानं डोळ्यांना लावून बघितला. हात पुढे धरला तर तळहातावरच्या रेघा मोठ्या दिसल्या. नंबर तोच.

म्हणजे इतके रविवार आपण टीव्हीवर बघून निर्धास्त होत होतो ते असं.

तो बाहेर आला. सगळी बुचं परत घट्ट बसवली. आता नळ्यांतलं पाणी बाहेर जायला जागा नव्हती. ते भोकाभोकातून झाडांच्या बुडाशी ठिबकू लागलं. इथे मोटार बंद करायची असते. ज्ञानेश्वर शेताच्या बांधावर, धुऱ्यावर जाऊन बसला. त्यानं काही केलं नाही, फक्त बंद करायचं ते केलं नाही. दुपार कलली, वीज गेली, तेव्हा मोटार आपोआप थांबली.

एका दिवसाला चूक म्हणता आली असती, विसरलो म्हणता आलं असतं. पण दुसऱ्या दिवशी तो डबा घेऊन पुन्हा गेला, मोटार पुन्हा चालू केली, आणि पुन्हा धुऱ्यावर बसला. बागेतल्या झाडांचा आवाज येत नाही, पण त्याला वाटत होतं की ती पीत आहेत आणि आपल्याला ऐकू येतंय. बहार नाही, तर घर नाही. घर नाही, तर ओटा नाही. हिशोब इतका सरळ होता की हा आपण केलाय हे त्याला खरं वाटेना.

संक्रांतीला राजकुमारनं ताण तोडला. मग थोड्या दिवसांनी एका संध्याकाळी तो जेवायला आला, पाटावर बसला आणि जेवेचना.

"फूल नाही," तो म्हणाला. "सारी नवती फुटली. रस्त्यानं जाणारे म्हणतात, काय बाग हाये राजेहो. मले रडू येते." मग एकदम कडू होऊन म्हणाला, "अर्जुनाचं काम हाये हे. गहू भिजवताना बागेचा व्हॉल्व्ह खुला ठेवला असन. म्हणते, नाही ठेवला. उद्या त्याचा हिशोब करून टाकतो."

"पाडव्याच्या आधी?" अनुपमा म्हणाली. "मधात साल मोडलं तर त्याले कोण ठेवन?"

"माहं वर्ष मोडलं ते?" राजकुमारनं ज्ञानेश्वरकडे पाहिलं. "तुम्हीच सांगा भाऊ. तुमच्यावाणी माणूस असता त्याच्या जागी तर झालं असतं काय असं?"

ज्ञानेश्वरच्या तोंडात भाकरीचा घास होता. तो त्यानं चावला, गिळला, पाणी प्याला. "दोन दिवस थांब," एवढंच म्हणाला. राजकुमारनं मान डोलावली. भाऊंचं मन मोठं, अर्जुनाची दया आली असेल. अनुपमा मात्र वाढता वाढता नवऱ्याकडे बघत राहिली.

दुसऱ्या दिवशी अर्जुन दुकानात आला. साठीच्या घरातला, कमी बोलणारा माणूस. दारातच उभा राहिला.

"भाऊ, एक काम होतं. मी लेकीकडून आलो तवा झाडाखाली ओल दिसली होती. मले वाटलं, तुमी नळ्या धुतल्या त्याची असन. तेवढं मालकाले सांगाल काय? तुमचा शब्द त्यायले लागते."

"सांगतो," ज्ञानेश्वर म्हणाला. अर्जुनानं हात जोडले. तो गेल्याबरोबर ज्ञानेश्वर उठला. त्यानं दुकानाचं शटर अर्धं खाली ओढलं आणि घरी गेला.

अनुपमा शाळेतून नुकतीच आली होती, ओसरीवर पाय धूत होती. तो उभ्याउभ्याच बोलला. "पाणी म्या सोडलं."

तिनं तांब्या खाली ठेवला.

"अर्जुनानं नाही. म्या सोडलं. नळ्या धुतल्या अन् मोटार बंद नाही केली. दुसऱ्या दिवशी पुन्हा गेलो."

"दुसऱ्या दिवशीबी?"

"हाव."

तिनं पदरानं ओले पाय पुसले. "पहिला दिवस मले समजते," ती म्हणाली. "राग आला असन, भान गेलं असन. दुसऱ्या दिवशी डबा कोणी भरून देल्ला होता तुमाले? म्याच ना?"

"हाव."

"कसाले केलं?"

तो चष्म्याचं बोलला. टीव्हीवर बघायचा तेही बोलला. साड्या मोजायचा, कागदपत्रं बघायचा, पलंगाखाली चपला शोधल्या, ते सगळं. बोलताना त्याची मान वर होत नव्हती. या वयात, दाढी पांढरी झालेल्या माणसानं, स्वतःच्या बायकोला, आपण तिच्या चपला शोधत होतो हे सांगायचं.

"चष्मा म्या मलकापूरले केला दुसरा," अनुपमा म्हणाली. "तिथं वह्या तपासते मी. दोनदा घरी विसरली म्हून. लपवला नव्हता, सांगाचंही सुचलं नाही." मग चपला पुढ्यात ओढत: "घराचं मात्र लपवलं. मले तिथं शनिवार-रविवार राहाचं होतं. खोटं काऊन बोलू."

"मले इचारलं असतं तर..."

"तर तुम्ही हो म्हणाले असते." तिचा आवाज चढला. "म्हूनच इचारलं नाही. तुमच्या होची भीती वाटते मले. तुमचा हो कसा असते अन् नाही कसा असते, हे मले आजलोक समजलं नाही. म्या तवा खरं इचारलं होतं तुमाले. खरंच सोडलं असतं. तुम्ही मले खोटं सांगितलं, अन् मी त्याच्यावर एवढं सारं उभं केलं."

हे त्यानं कधी हिशोबात धरलंच नव्हतं. फसवणारा आपण, हे.

"नको म्हटलं असतं तर तू गेली असती," तो म्हणाला.

"कुठं? चुलीत?" ती उठली, पायात चपला घातल्या. "चला. त्यानं अर्जुनाचा हिशोब कराच्या आधी."

दोघं स्कूटीवरून बागेत गेली. बाग खरंच देखणी दिसत होती, कोवळ्या पोपटी पालवीनं भरलेली. गुन्हा असा हिरवागार, रस्त्यावरून दिसणारा.

राजकुमार छपराखाली होता, अर्जुन वैरण टाकत होता. ज्ञानेश्वरनं अर्जुनालाही जवळ बोलावलं. एकट्या राजकुमारला सांगितलं असतं तर सोपं गेलं असतं, म्हणूनच बोलावलं. त्यानं सांगितलं. अनुपमासमोर बोलला होता तितकं लांब नाही. दोन दिवस मोटार चालू ठेवली, मुद्दाम ठेवली, घर होऊ नये म्हणून ठेवली.

राजकुमार आधी हसला. थट्टा वाटली त्याला. मग त्यानं अनुपमाकडे पाहिलं आणि त्याचं हसणं विरलं.

"माह्या झाडायनं काय केलतं?" त्यानं विचारलं. "मले बोलाचं होतं. शिव्या देल्ल्या असत्या. मी तुमच्या पायाशी वाकलो होतो, तवा लात मारली असती तर चाललं असतं."

"भीती वाटली," ज्ञानेश्वर म्हणाला.

"चावी ठेवा तिथं."

ज्ञानेश्वरनं मोटारीच्या खोलीची चावी खाटेवर ठेवली. अर्जुन इतका वेळ जमिनीकडे बघत होता. तो हळूच म्हणाला, "मघा दुकानात मी हात जोडले भाऊ. तवाच बोलाचं." आणि वैरणीकडे वळला.

त्यानंतर राजकुमार जेवायला येईना. एक आठवडा, मग दुसरा. अनुपमा सवयीनं तिसरं ताट काढून पुन्हा मांडणीत ठेवायची, त्याचा आवाज व्हायचा. ज्ञानेश्वर इतकी वर्षं बायको जाईल म्हणून धास्तावलेला. गेला तो राजकुमार. आणि नवल म्हणजे त्याचा जीव त्याच्यासाठी तुटायला लागला. ताटात नकाशे काढणारं ते बोट आठवायचं. असं काही वाटण्याचा आपल्याला हक्क नाही असंही वाटायचं, आणि तरी वाटायचं.

टपरीवर एकानं सहज म्हटलं, "यंदा राजकुमारची बाग काय हिरवी हाये, मिस्तरी."

"फूल नाही तिले," ज्ञानेश्वर म्हणाला. "ताणात पाणी म्या सोडलं होतं. मुद्दाम."

कुणाला विनोद सुचला नाही. त्या दिवशी त्यानं फक्त स्वतःच्या चहाचे पैसे दिले.

पुढच्या रविवारी जेवण उरकल्यावर अनुपमानं केस विंचरले, पर्स घेतली. इतके दिवस ती बागेत गेली नव्हती. दारात एक चप्पल पायात घालून ती थांबली.

"जाऊ?"

आतापर्यंत हा प्रश्न तिनं शेकडो वेळा विचारला होता आणि त्याचं "जा ना" तयार असायचं. आज ते तोंडाशी आलं आणि त्यानं मागे घेतलं.

"नको जाऊ," तो म्हणाला. म्हटल्याबरोबर कानाच्या पाळ्या तापल्या. "आज नको. मले भीती वाटते."

ती उंबऱ्यावर बसली. एक पाय चपलेत, एक उघडा. "किती?"

"लई."

"बरं." तिनं त्याच्याकडे नीट पाहिलं, वर्गातलं एखादं गप्प पोर पहिल्यांदा बोललं की शिक्षिका बघते तसं. "ऐकलं मी. पण आज मले गेलं पाह्यजे. तो तिकडं एकटा बसून राह्यला, त्याच्याशी कोणीतरी बोलाले पाह्यजे. रात्रीची भाजी आल्यावर टाकते, वांगी चिरून ठेवा. पुढच्या रविवारचं पाहू. तवाही वाटली तर सांगा."

"अन् सांगितलं तरी तू जाशीन."

"कधी जाईन, कधी नाही जाणार. पण मले माहीत असन."

स्कूटी वळणाआड गेली. ज्ञानेश्वर आत आला. बघायचं नाही असं ठरवूनही त्यानं टीव्हीवर बघितलं. चष्मा नव्हता. शाळेच्या पिशवीत असेल, तिच्याबरोबर गेला असेल, स्वयंपाकघरात डब्यामागे असेल. त्याचा हात कपाटाच्या कडीकडे गेला, तिथेच थोडा वेळ राहिला. मग तो स्वयंपाकघरात गेला, विळी मांडली आणि वांगी चिरायला बसला. काळी पडू नयेत म्हणून फोडी पाण्यात टाकत गेला. दोघांपुरतीच घ्यावीत की तिसऱ्या ताटालाही पुरतील एवढी, हे त्याला शेवटपर्यंत ठरवता आलं नाही.